आत्या नक्की कुठल्या घरची

१२ जानेवारी, रविवार

दादा मुरबाडहून सकाळीच आला. चहा व्हायच्या आधी पिशवीतून कागदांची गुंडाळी काढली. गावच्या कुलदेवीचं देऊळ नवं बांधलंय, अक्षय्य तृतीयेला कळस चढणार. गाभाऱ्याबाहेर काळ्या ग्रॅनाइटवर आमच्या घराण्याची वंशावळ कोरायची. कमिटीचा अध्यक्ष कोण? दादाच. "तुझं टायपिंगचं दुकान हाय, मंगल. नीट करून दे. कोरणाऱ्याला पेनड्राइव्हवर लागतं."

सात पिढ्या. चौसष्ट नावं. एक बाई नाही. म्हणजे हे चौसष्ट पाटील झाडाला लागले होते, पिकले आणि पडले. दादाचा नातू दोन वर्षांचा आहे, चड्डीत राहत नाही अजून, त्याचं नाव आहे. यमुनाआत्याचं नाही.

विचारलं. म्हणतो, "मुली परक्या घरच्या गो. एकदा दिली की दिली."

पोहे खाऊन गेला. मी त्याला दुसऱ्यांदा वाढले पण नाहीत.

१६ जाने., गुरु.

आज दिवसभर दुकानात दुसऱ्यांच्या वंशावळी टाइप केल्या. डोकं तापलेलंच. आत्याचं लिहूनच ठेवते, नाहीतर उद्या हेच लोक म्हणतील असं काही नव्हतंच.

म्हसाच्या जत्रेत बैलाच्या सौद्यावरून आमचे आजोबा आणि शेणव्याचे पाटील यांची जुंपली. त्यांच्यातल्या एकाचं डोकं फुटलं. दोन वर्षं कोर्ट. शेवटी दोन्हीकडचे जाणते बसले आणि तोड काढली, सोयरीक करा. आत्या तेरा वर्षांची. भांडण बाप्यांचं, मिटवायला पोरगी.

चार वर्षांत नवरा साप चावून गेला. मूल नाही. तेवढ्यात इकडे आजी गेली, मागे तीन भाऊ, त्यातले आमचे बाबा मोठे, नऊ वर्षांचे. आजोबा जाऊन आत्याला घेऊन आले. पुढे आजोबाही गेले. चुलते जमीन घशात घालायला टपलेले, तेव्हा ही विशीतली बाई कोयता घेऊन बांधावर उभी राहिली. भाऊ वाढवले, त्यांची लग्नं केली. मला आणि दादाला न्हाऊमाखू घातलं. मग दादाचं लग्न झालं, वहिनी आली, आणि सहा महिन्यांत घरात जागा पुरेना. गरज सरो, वैद्य मरो. आत्या गाठोडं घेऊन परत सासरी गेली. दिराच्या घरी, पडवीतल्या खोलीत. दीर गेला, आता त्याचा मुलगा बबन घर चालवतो. आत्या त्र्याऐंशीची आहे आणि अजून त्यांची भांडी घासते.

पाटील म्हणे.

१९ जाने., रवि.

शेणव्याला जाऊन आले. बरं झालं गेले.

बबन घर पाडणार आहे. मुंबईच्या लोकांना शनिवार-रविवारी राहायला देण्यासारखं नवीन बांधणार, मागे स्विमिंग टँक. मला मोबाइलवर चित्र दाखवत होता. मी विचारलं, काकीची खोली कुठे आहे यात? तर चित्र मोठं करून बघायला लागला, जसं काही कोपऱ्यात सापडेलच.

"काकीला मुरबाडला न्या ना आता. होळीपर्यंत. तिचं आधार कार्डबी तिथल्या जुन्या रेशन कार्डावरनं काढलंय, बापाच्या नावाचं. आमी इतकी वर्सं सांभाळली."

सांभाळली! तिने सांभाळलं तुला, मेल्या, तुझं नाक पुसलंय तिने.

आत्या मागच्या दारी नाचणी पाखडत होती. ऐकलं होतं सगळं. मला बोल्ली, "माझी तिरडी कुठल्या दारातनं काढायची ते तुमी लोक ठरवा. बाकी मी काय मागत नाय." आणि पुन्हा सूप हाती घेतलं. रडली असती तर बरं वाटलं असतं मला.

२ फेब्रु., रवि.

दादाला फोन. चौथा. "मंगल, समजून घे. ती त्यांच्या घरची. तिथलं कुंकू लावलंय तिनं."

बबनला फोन. "ती तुमच्या घरची ओ. इथं नांदली किती? चार वर्सं."

दोघांचंही बोट समोरच्याकडे. आणि दोघंही वर मला सांगतात, आत्यावर आमचा फार जीव आहे. असेल. जीव ठेवायला खोली लागत नाही.

५ फेब्रु., बुध.

दुकानाशेजारी बसणाऱ्या वकीलबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, विधवा असेल तर नवऱ्याच्या हिश्श्याची वारस आहे ती, घरातून कोण काढतो बघू. नवऱ्याचं नाव सांगा.

मला नावच माहीत नाही. त्रेपन्न वर्षांची झाले, आत्याच्या नवऱ्याचं नाव मला माहीत नाही! आमच्या घरात ते कायम "शेणव्याचे पाव्हणे". आत्या तर "त्यांचं" म्हणते, "ह्यांच्यात" म्हणते, नाव कधी घेत नाही. जुन्या बाया घेतच नाहीत. दादाला विचारलं, त्यालाही नाही माहीत. आत्याला फोन लावला तर म्हणते, "काय गो इचारतेस भलतंच," आणि ठेवून दिला.

वकीलबाई हसल्या. मला नाही आलं हसू.

११ फेब्रु., मंगळ.



वकीलबाईंनी शेणव्याच्या जमिनीचे जुने कागद काढून आणले. नऊ वर्षांपूर्वीची वारस नोंद, सोबत वंशावळ. तीन भाऊ. एक बबनचा बाप. दुसरा, एक मुलगी मागे ठेवून गेलेला. आणि तिसरा, "रघुनाथ, मयत, अविवाहित."

अविवाहित. म्हणजे आत्याचं लग्नच झालं नाही. तेराव्या वर्षी ती शेणव्याला काय हवापालटाला गेली होती?

शिव्या देत होते बबनला. मग कागद हातात घेतला आणि शिव्या तोंडातच राहिल्या. वंशावळीत नावाभोवती दुहेरी चौकट, आणि मयत माणसाची चौकट जरा फिकी. असं शहापुरात एकच दुकान करतं. माझं. जुना कॉम्प्युटर लावला, फाइल सापडली. मीच टाइप केलंय. कुणी एजंट हाताने लिहिलेला कागद घेऊन आला असणार, असे दिवसाला दहा येतात. बबन त्यात "ज्ञानेश्वर" आहे, ते त्याचं कागदावरचं नाव मला कुठे ठाऊक! रघुनाथ कोण, मला कुठे ठाऊक!

पण ठाऊक असायला नको होतं?

माझ्या आत्याला तिच्या घरातून मी काढलं. दहा बोटांनी. प्रत काढल्याचे पैसे पण घेतले असतील.

१२ फेब्रु.

दुकान बंद ठेवलं. ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, तू फक्त टायपिंग केलंस, सही बबनची आहे. बरोबर आहे. वकीलबाईही तेच म्हणाल्या. सगळेच बरोबर आहेत.

बाबा गेले तेव्हा मीही दादाला हक्कसोड पत्र करून दिलं होतं. बहिणीने मागायचं नसतं म्हणून. साडी मिळाली, मोरपंखी. तेही मीच टाइप केलं होतं, माझ्याच दुकानात, आणि शुद्धलेखन तपासून.

२४ फेब्रु., सोम.

बबनने होळीपर्यंतसुद्धा वाट बघितली नाही. दुपारी दुकानासमोर जीप थांबली, आत्या उतरली, गाठोडं उतरलं, जीप गेली. बबन खाली पण उतरला नाही. दुकानात दाखले काढायला आलेली पाच माणसं, त्यांच्यात बाकावर आत्या बसली. एकाने तिला विचारलं, "आजी, तुमचा नंबर कितवा?"

"माझा नंबर नाय लागत," आत्या बोल्ली.

घरी आणलं. ह्यांनी स्वतः पाणी दिलं, बरं बोलले. मग आत येऊन हळूच, "राहू दे. पण किती दिवस?" काय चुकीचं विचारलं? काही नाही. तरी मला तिडीक आली, भांडं आपटलं.

३ मार्च, सोम.

आत्या आमच्याकडे पाहुणीसारखी. पंखा लावायला विचारते. जेवताना अर्धी भाकरी परत ठेवते. काल ताप होता तर मला कळू दिला नाही, अंगणात जाऊन बसली. ओरडले. तर म्हणते, "जावयाच्या घरात मरायचं नसतं गो. तुझ्या नवऱ्याला लोक नावं ठेवतील."

अगं, तो कसला जावई, तुझ्यासमोर नवरदेवाचा म्हातारा झाला! पण नाही. भाचीचा नवरा म्हणजे जावई, जावयाचं दार म्हणजे परकं दार. माहेर परकं, सासर परकं, भाचीचं परकं. बाईने मरायचं तरी कुठे, एस.टी. स्टँडवर?

२२ मार्च, शनि.

त्या वारस नोंदीवर अपील दाखल. वकीलबाईंनी फी लावली नाही, म्हणाल्या, माझी पण एक मावशी आहे.

दादाचा माणूस वंशावळीचा पेनड्राइव्ह न्यायला आला. द्यायच्या आधी मी काय केलं ते इथे लिहिते, दुसरीकडे कुठे कबूल करणार नाही. बाबांच्या ओळीत, बाबांच्या डावीकडे, कारण ती मोठी, एक चौकट काढली. यमुना. दुहेरी चौकट, गडद.

फार बरं वाटलं. चार घास जास्त जेवले.

३० एप्रिल, बुध. अक्षय्य तृतीया

कळस चढला. मांडव, ढोल, गावजेवण. दादा स्वतः गाडी घेऊन आत्याला न्यायला आलेला. तिच्यासाठी नवं लुगडं आणलं, पाया पडला, डोळ्यांत पाणी होतं त्याच्या. खोटं नव्हतं. हेच तर कळत नाही मला या माणसाचं.

गर्दी ओसरल्यावर दगड बघायला गेले. बाबांच्या डावीकडे काही नाही. काळंभोर. जवळ गेले. एवढाच तुकडा जरा निस्तेज, बाकी दगड चकचकीत. बोट फिरवलं तर लुकण भरून, घासून, वर काळा रंग. चौकटीचा एक कोपरा राहिलाय, तेवढा दिसतो.

दादाला देवळामागे गाठला. "कोणी केलं?"

"मी. कोरून आल्यावर कमिटीनं बघितलं. धारेवर धरलं मला. एकाची आत्या घातली तर सगळ्यांच्या बहिणी घालाव्या लागतील."

"मग घाला की!"

"दगड केवढा लागंल?"

दगड केवढा लागेल म्हणे! हेच विचारायचं सुचलं त्याला. मी त्याला काय काय बोलले ते लिहीत नाही, देवळाच्या आवारात बोलायला नको होतं. वहिनीने पुरणपोळीचा डबा भरून दिला. घेतला नाही.

२ मे, शुक्र.

आत्याला सांगितलं, दगडावर तुझं नाव होतं, बुजवलं. वाटलं, संतापेल. संतापली, माझ्यावर.

"कोणी सांगितलं होतं तुला? मी इचारलं होतं दगडावर घाल म्हणून? मला वाचता येतं का? मला दार पायजे, मंगल. चार खांदेकरी ज्या दारातनं बाहेर पडतील ते दार. दगड काय करायचाय?"

सबंध दिवस बोल्ली नाही माझ्याशी. मी पण नाही. दोघी एकाच घराण्याच्या, ते तेवढं बरोबर कोरलेलं आहे.

२० मे, मंगळ.

आज शेणव्यात चौकशी. अपिलावरून तलाठ्याच्या वरचे सर्कल साहेब जबाब घ्यायला आले. ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये टेबल, गावातली वीसपंचवीस माणसं, पलीकडे बबन नि त्याची बायको, अलीकडे आत्या, मी, वकीलबाई. साहेब तरुण, सभ्य, आत्याला आधी पाणी दिलं. म्हणाले, "आजी, दुसऱ्या कोणी सांगायचं नाही. तुमच्या तोंडून पाहिजे. पतीचं नाव?"

आत्या गप्प.

पुन्हा विचारलं. गप्प. पदर पुढे ओढला, खाली बघत बसली. मी आठवडाभर तिला समजावलं होतं, हात जोडले होते, हो हो म्हणाली होती. आणि आता दगड! वकीलबाईंनी सुचवलं, कोणाला कानात सांगा. नाही म्हणून मान हलवली.

बबन उठला, हसतोय. "बघा साहेब. नवऱ्याचं नावपण माहीत नाय. नवरा असता तर माहीत असतं का नसतं?"

हसली काही माणसं. मी त्या माणसांची तोंडं लक्षात ठेवली आहेत.

तेव्हा आत्या उभी राहिली. टेबलाला धरून. बबनच्या घराच्या दिशेने तोंड केलं, हात जोडले, आणि मोठ्याने बोल्ली, अगदी शेवटच्या बाकापर्यंत जाईल असं. "रघुनाथ."

हॉलमध्ये बायका होत्या जुन्या, त्यांनी तोंडावर पदर घेतला.

साहेब लिहीत होते. आत्या थांबली नाही. "सासू बोलायची, नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं. मी एकदाबी घेतलं नव्हतं. एकदाबी नाय. तरी चार वर्सांत गेले ते." मग बबनकडे वळली. "इतकी वर्सं जपलं होतं. तुझ्यापायी आज चारचौघांत काढायला लागलं, बबन."

साहेबांनी अंगठा घेतला. अहवाल वर पाठवतो म्हणाले, निकाल वरून येईल. बबनची बायको जाताना आत्याच्या पाया पडली. बबनने बघितलं.

जीपमध्ये मी रडले. आत्या म्हणाली, "गप गो, डायवर बघतोय."

१ जून, रवि.

सकाळी आत्या गाठोडं बांधून ओट्यावर तयार. "मला शेणव्याला सोड."

निकाल नाही, काही नाही, कशी जाणार? म्हणे, निकाल येईल तेव्हा येईल, त्याआधी मी गेले तर तुझ्या दारातून न्यावं लागेल. सासरच्या खोलीत मेले तर त्यांना तिथूनच उचलावी लागेल, मग निकाल काय लागायचा तो लागो. त्र्याऐंशी वर्षांच्या बाईने असे डाव मांडायचे, कुठे मेले म्हणजे कुणाची ठरेन! आणि याला आपण संस्कृती म्हणतो.

भांडले, समजावलं. हे पण म्हणाले, "आत्या, राहा हो इथे, मी काही बोललो का?" तिने त्यांच्या तोंडावरून हात फिरवला नि चपला घातल्या.

गेलो. बबनने पडवीची कौलं उतरवून ठेवलेली. खोलीला भिंती आहेत, वर आभाळ. माझ्या अंगाचा नुसता भडका झाला. आत्या आत गेली, कोपरा झाडला, गाठोडं ठेवलं, बसली. म्हणाली, "हवा चांगली येते."

शहापुरातून ताडपत्री आणून बांधली. हे शिडीवर, मी दोर धरून. बबनच्या बायकोने खालून विटा आणून दिल्या. बबन घरात टी.व्ही. बघत होता, आवाज मोठा करून.

३ जून, मंगळ.

दादाचा फोन. आत्याला आपल्याकडे आणू का, वहिनी तयार आहे म्हणे, महिनाभर. महिनाभर! आयजीच्या जिवावर बायजी उदार, घर तिनेच राखलेलं. मी म्हटलं, दादा, तिला महिना नकोय. तो म्हणाला, "दगडाचं मला बरं नाय वाटलं, मंगल." मी म्हटलं, मलाही. फोन ठेवला. काय करू याच्या बऱ्या न वाटण्याचं?

८ जून, रवि.

दुकान बंद. शेणव्याला गेले, गोळ्या आणि बॅटरी द्यायला. आत्या खोलीच्या उंबऱ्यावर बसून शेवग्याचा पाला खुडत होती. समोर बबन, त्याच्याबरोबर घर बांधणारा कॉन्ट्रॅक्टर, हातात टेप, आणि शेजारची दोनचार माणसं. खोलीचं माप घ्यायचं तर आत्या दारात.

बबन सगळ्यांदेखत बोल्ला, "काकी, कोणाला इचारून परत आलीस तू इथं?"

आत्याने मान वर केली नाही. पाला खुडत खुडत, साधं, जसं शेजारणीला सांगावं तसं,

"रघुनाथला."

"कोणाला?"

"रघुनाथला इचारून आले. त्याच्या घरात बसलेय. तुला काय बोलायचं ते त्याला बोल."

कॉन्ट्रॅक्टरने टेप गुंडाळला. बबन घरात गेला. मी तिच्याशेजारी उंबऱ्यावर बसून पाला निवडला.

साडेचारच्या जीपने मी परत. निकालाची तारीख वकीलबाईंनाही माहीत नाही. आत्या तिथेच आहे.